‘ती तुझी कोण लागते?’

“रिलेशन काय लिहू?”

एचआरमधल्या मुलीने हे अगदी निरागसपणे विचारलं. माझा रजेचा अर्ज तिच्या स्क्रीनवर उघडा होता. लग्नासाठीच्या खास रजेला तिथे दोनच पर्याय होते: स्वतःचं लग्न, पाच दिवस, सख्ख्या भावाबहिणीचं लग्न, तीन दिवस. मी म्हटलं, “मैत्रीण.” ती हसली. “ते कळलं गं. पण तुझी कोण लागते?”

मग आवाज खाली आणून तिने तोडगाही सांगितला. “बहीण लिही. कोण बघतंय?”

मी लिहिलं नाही. साठवलेल्या सुट्ट्या काढल्या, वर नऊ दिवस बिनपगारी घेतले आणि जर्मनीत श्टुटगार्टला गेले. मैत्रिणीच्या लग्नाची तयारी करायला. फोटोत उभं राहायला नव्हे, तयारी करायला. या दोन शब्दांतला फरक अनेकांना कळत नाही, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. कारण तो प्रश्न मला सगळीकडे भेटला. घरी काका म्हणाले, “एवढा खर्च? सख्खी बहीण असती तर समजू शकतो.” शेजारच्या काकूंनी विचारलं, “त्यांच्यात कोणी नाही का करायला?” कॉलेजच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, “लिंक पाठवेल ना ती, लाइव्ह बघू.” खाली चौदा हार्ट.

त्यांच्यात करायला कोणी नव्हतं का? होते की. आई, वडील, दोन मामा, तीन आत्या, एक भाऊ, चुलत-मावस धरून पन्नासेक माणसं. सगळी धडधाकट. त्यातलं एकही येणार नव्हतं.

कारण मुलगा दुसऱ्या जातीचा. त्याचं गाव तिच्या गावापासून एसटीने पाऊण तासावर. पण दोघं भेटले साडेसहा हजार किलोमीटरवर, एका गाड्यांच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, कारण दोघांनाही तिथलं जेवण अळणी लागत होतं. तिच्या घरच्यांच्या डोक्यात एक शिडी आहे आणि त्या शिडीवर तो खालच्या पायरीवर उभा आहे. गंमत अशी, की दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनीच हसत हसत म्हटलं होतं, “एखादा गोरा जावई आणू नकोस म्हणजे झालं. आणलास तरी बघू.” गोरा चालला असता. त्याला जात नसते ना. पाऊण तासावरचा चालला नाही.

आम्ही दोघी वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत राहिलो. एका बादलीत कपडे भिजवले, एकीच्या फीसाठी दुसरीची चेन गहाण पडली. हे कुठल्या रकान्यात बसतं ते मला कोणीतरी सांगावं.

•

लग्नाची तयारी म्हटलं की लोकांना मेंदी आणि डान्स आठवतो. तिच्या लग्नाची तयारी मी सुरू केली ती नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपासून. तिच्या जन्माच्या दाखल्यावर तिचं नावच नव्हतं. नुसतं ‘स्त्री’. आपल्याकडच्या अनेकांच्या जुन्या दाखल्यांवर असंच असतं, कारण नोंद बारशाआधी होते आणि नंतर कोणी फिरकत नाही. ते नाव घालून घ्यायला मी चार खेपा घातल्या. खिडकीतल्या साहेबांनीही विचारलं, “तुम्ही अर्जदाराच्या कोण?” मी तिचं अधिकारपत्र पुढे केलं. वडिलांनी एका खेपेत केलं असतं ते काम.

जर्मनीत लग्न करणाऱ्या परदेशी माणसाला आपल्या देशाकडून ‘याला लग्न करायला कायद्याने अडचण नाही’ असा दाखला आणावा लागतो. जर्मन कायद्याला हवा तसा दाखला भारत देत नाही. मग तिथल्या प्रांतातल्या वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडून सूट मागायची. त्यासाठी जन्माचा दाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्यांची शपथबद्ध अनुवादकाकडून केलेली जर्मन भाषांतरं. परदेशी कागद मान्य करण्यासाठी ‘अपोस्टिल’ नावाचा शिक्का असतो आणि भारत त्या करारात २००५ पासून आहे. पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे आपल्या कागदांवरचा तो शिक्का तिथे चालत नाही. त्याऐवजी जर्मन वकिलात आपल्या विश्वासातल्या वकिलाकडून कागदांची खातरजमा करून घेते. तो दाखला जिथून निघाला तिथे जातो, आणि गरज वाटली तर आजूबाजूलाही चौकशी करतो.

तसा माणूस तिच्या गावातही आला. तिच्या घरच्यांनी दार उघडलं नाही. चौकशीला उत्तर दिलं शेजारच्या घरातल्या आजीने. “पोरगी बिनलग्नाची हाय, मी जन्मापासनं बघतीय,” म्हणाल्या. रक्ताच्या माणसांनी कडी लावली, आणि भिंतीपलीकडच्या बाईने साक्ष दिली. या लेखात मला जे म्हणायचंय ते खरं तर या एका प्रसंगात संपतं. पण लोकांना पटत नाही म्हणून पुढे लिहिते.

•

माझा व्हिसा. शेंगेन व्हिसाच्या अर्जावर प्रवासाचं कारण विचारतात आणि तिथे एक चौकट असते: ‘कुटुंबीयांना किंवा मित्रांना भेटायला’. दोन्ही एकाच चौकटीत. ती चौकट बघून मला बरं वाटलं हे मी मान्य करते. पण भाबडेपणा नको. त्या चौकटीसाठी मी ९० युरो फी भरली, ३०,००० युरोचं कवच असलेला विमा काढला, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, नोकरीचा दाखला, सगळं पुढ्यात मांडलं. ही परत जाईल ना, हा संशय प्रत्येक कागदाच्या मागे उभा असतो. तिनेही तिकडच्या कार्यालयात २९ युरो भरून कायद्याने बांधणारं हमीपत्र दिलं, की हिच्या राहण्या-खाण्याचा आणि दुखण्या-खुपण्याचा खर्च माझ्याकडे. मैत्रिणीने मैत्रिणीसाठी सरकारला लिहून दिलेली हमी! आपल्याकडे असं काही लिहून द्यायला गेलं तर पहिला प्रश्न काय येईल, ते तुम्हाला माहीत आहे.

निघायच्या आदल्या आठवड्यात तिची आई मला भेटली. घरी नाही, स्टँडवर, रसवंतीगृहाच्या मागे. मैत्रिणीच्या आईला मी काकू म्हणते. काकूंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला हिरवा चुडा आणि पाच हळकुंडं. “हे तेवढं ने गं,” म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. रस तसाच राहिला. शेवटी म्हणाल्या, “तिकडं थंडी असेल ना?” मी म्हटलं, “काकू, फोन लावू का तिला?” त्यांनी मान हलवली. नको.

मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. या बाईला पोटच्या पोरीच्या लग्नाला जाता येत नव्हतं ते पैशामुळे नाही, व्हिसामुळे नाही. नात्यामुळे. त्या कोणाच्या तरी बायको होत्या, कोणाच्या तरी भावजय होत्या, कोणाच्या तरी सून होत्या. एवढ्या सगळ्या नात्यांची परवानगी काढल्याशिवाय त्यांना आई होता येत नव्हतं. मला कोणाचीच परवानगी लागत नव्हती, कारण मी कोणीच ‘लागत’ नव्हते.

•

बॅग भरताना कायदे पुन्हा आडवे आले. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि साजूक तूप बाद. आंब्याचा टाळा, विड्याची पानं तपासणीच्या दाखल्याशिवाय बाद. नारळाला मात्र सूट आहे. पण सुकं खोबरं विमानात चालत नाही, ते पेट घेतं म्हणून. चकल्या, लाडवाचं बेसन, मुंडावळ्या, अंतरपाटाचं कापड, तिची नऊवारी. चुडा मी केबिनच्या बॅगेत ठेवला आणि अख्खा प्रवास त्या बॅगेवर पाय लागू दिला नाही.

श्टुटगार्टमध्ये ‘केअरवोखऽ’ नावाची प्रथा आहे. इमारतीचा जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी. भाडेकरूला ती चुकत नाही. आमच्या लग्नाच्या आठवड्यात पाळी नेमकी तिची होती. हळद आम्ही स्वयंपाकघरात लावली, काकूंची हळकुंडं मिक्सरमधून काढून. परंपरेप्रमाणे हळद लावायला पाच सवाष्णी लागतात. मोजायला बसलं तर आमच्याकडे सवाष्ण एकच, वरच्या मजल्यावरची मल्याळी नर्स. बाकी मी बिनलग्नाची. ऑफिसातली तिची एक तुर्की वंशाची सहकारी, घटस्फोटित. नवऱ्या मुलाची विधवा मावशी, जी लंडनहून एकटी आली होती. आणि तळमजल्यावरच्या जर्मन आजी, ज्या खरं तर जिन्यावर पिवळे ठसे कोणी उमटवले हे विचारायला वर आल्या होत्या. पाच झाल्या. सगळ्यांनी हळद लावली. मावशी आधी मागे सरत होत्या. चाळीस वर्षांची सवय. मैत्रिणीने त्यांचा हात धरून स्वतःच्या गालाला लावला. त्यानंतर तासभर मी जिना घासला. हळद सहज जात नाही.

आता मला सांगा, गावातल्या हॉलमध्ये, पन्नास नातेवाइकांच्या उपस्थितीत, या पाच जणींतल्या कितींना त्या मुलीच्या अंगाला हात लावता आला असता?

•

आपल्या लग्नात प्रत्येक कामाला नातं नेमून दिलेलं आहे. मुलीला मांडवात आणायचं मामाने. नवऱ्याचा कान पिळायचा तिच्या भावाने. करवली म्हणून मिरवायचं बहिणीने. मैत्रिणींनी काय करायचं? नटून यायचं, बूट पळवायचे आणि रील काढायचं. हल्ली त्यात ‘ब्राइड स्क्वाड’ छापलेल्या गाऊनची भर पडली आहे. मैत्रीला आपण शोभेची जागा दिली आहे, कामाची नाही.

जर्मन लोकांत वधूच्या साक्षीदार मैत्रिणीला एक वेगळा शब्दच आहे: ‘ट्राउत्सॉयगिन’. ती सजावटीचं बघते, आदल्या संध्याकाळी चिनीमातीची भांडी फोडण्याचा गोंधळ घालते आणि नोंदणी कार्यालयात शेजारी बसून सही करते. १ जुलै १९९८ पासून तिथे साक्षीदार कायद्याने बंधनकारक राहिले नाहीत. वधूवरांना हवे असतील तर एक किंवा दोन असू शकतात. मुद्दा लक्षात घ्या: कायद्याला गरज नाही, तरी लोक ती खुर्ची ठेवतात आणि तिथे बहुतेकदा मित्र-मैत्रिणींनाच बसवतात. त्याच दिवसापासून तिथे लग्नाची जाहीर नोटीस लावण्याची पद्धतही बंद झाली.

आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, हरकतींसाठी ३० दिवस वाट बघावी लागते. ज्यांना ज्या नातेवाइकांपासून लपून लग्न करायचंय, त्यांच्यासाठी त्याच नातेवाइकांना महिनाभराचं आमंत्रण. आणि त्याच कायद्यात तीन साक्षीदार लागतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या विवाह नोंदणी कार्यालयाबाहेर उभे राहा. घामेजलेली जोडी, एक हार, आणि सोबत तीन जण, एक ऑफिसातून अर्धा दिवस टाकून आलेला, एक रूममेट, एक शाळेतली मैत्रीण. मामा नाही, आत्या नाही. सरकारला अडीनडीला मैत्री चालते. सही करायला चालते. रजा द्यायला चालत नाही.

आयकराचं बघा. नातेवाइकाने कितीही रक्कम भेट दिली तरी ती करमुक्त. मैत्रिणीने वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त दिली की ते उत्पन्न, त्यावर कर. एक अपवाद: तुमच्या लग्नानिमित्त मिळालेली भेट, ती कोणीही देवो. म्हणजे मैत्रिणीची माया कायद्याला मान्य आहे ती फक्त तुमच्या लग्नापुरती.

हे सगळं मी जर्मनीची आरती ओवाळण्यासाठी सांगत नाही. त्या देशाने आमच्या कागदांवर किती अविश्वास दाखवला ते वर लिहिलंच आहे. सांगायचं आहे ते आपल्या रकान्यांबद्दल.

तो ‘नातं’ नावाचा रकाना निरुपद्रवी दिसतो. तसा तो नाही. या देशात नातेवाईक म्हणजे जवळजवळ नेहमीच स्वजातीय. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण जेमतेम ५ टक्के निघालं. म्हणजे आई, वडील, मामा, आत्या, मेहुणा, जाऊ ही सगळी यादी शंभरातल्या पंचाण्णव घरांत एकाच जातीच्या आत संपते. मग ज्या अर्जावर तुम्ही म्हणता, ‘नातेवाइकासाठी रजा, इतरांसाठी नाही’, तो अर्ज तुम्ही नकळत जातीच्या कुंपणावरच छापलेला असतो. तुमच्या कंपनीच्या भिंतीवर समतेचं पोस्टर असलं तरी. कुंपणाबाहेरच्या माणसासाठी धावून जायचं तर ज्याने त्याने स्वतःच्या पगारातून धावावं.

माणूस नाती निवडत नाही, मैत्री निवडतो. म्हणून जातीला नात्यांवर ताबा ठेवता येतो आणि मैत्रीची भीती वाटते. महात्मा फुल्यांनी हे ओळखलं होतं. सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात लागलं, पुरोहिताशिवाय, कमी खर्चात. त्यातली वधू सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची मुलगी होती, आणि त्या लग्नासाठी सावित्रीबाईंनी पुढाकार घेतला होता. त्या वधूच्या कोण लागत होत्या, असं त्यांना कोणी विचारलं असेल का? असेलही. त्या थांबल्या नाहीत.

•

आता आक्षेप. मला ते आधीच ऐकू येतात, कारण सगळे मी स्वतःलाही घेतले आहेत.

पहिला: हे परवडणाऱ्यांचे चोचले. लाखाच्या आसपास तिकीट काढणारी बाई कसली क्रांती सांगते? खरं आहे. मला परवडलं, कसंबसं. पण मैत्रीसाठी विमानात बसा असं मी म्हणतच नाही. रसवंतीगृहाच्या मागून डबा नेणं, भिंतीपलीकडून साक्ष देणं, नगरपालिकेत चार खेपा घालणं याला पासपोर्ट लागत नाही. रजा लागते. रोजंदारीवरच्या माणसाला तर खाडा लागतो, आणि तो त्याला माझ्या नऊ दिवसांपेक्षा महाग पडतो. म्हणून ही मागणी माझ्यापेक्षा त्याची जास्त आहे.

दुसरा: मैत्रीसाठी रजा दिली तर लोक खोटं बोलतील. अहो, आज काय बोलत नाहीत? तुमच्या ऑफिसातल्या एकेकाची आजी तीन-तीनदा वारली आहे. मला तर खुद्द एचआरनेच खोटं लिहायला सुचवलं. खोटं नियमाच्या सैलपणातून येत नाही, नियम माणसाच्या जगण्याशी जुळत नाही तेव्हा येतं.

तिसरा: मैत्रीला कायद्यात, अर्जांत कोंबलं की तिची मजा जाते. असेल. पण बहिणीच्या लग्नाला तीन दिवसांची रजा मिळते म्हणून कोणाची बहिणीवरची माया आटल्याचं मी ऐकलेलं नाही.

चौथा आक्षेप सर्वांत खरा, आणि तो आपल्यावरच आहे. आपले मित्र तरी जातीबाहेरचे असतात का? शेवटच्या दहा चॅट उघडा आणि आडनावं वाचा. मी वाचली. मला लाज वाटली. वसतिगृहाच्या यादीत आमची नावं योगायोगाने एकाखाली एक आली नसती, तर आम्हीही भेटलो नसतो. मैत्री आपोआप मुक्त नसते. पण तिला मुक्त होता तरी येतं. मामाला बदलता येत नाही.

•

तर मागणी साधी आहे. लग्न, आजारपण, मयत यांसाठीची जी खास रजा आज नात्याच्या यादीवर मिळते, ती यादी काढून टाका. वर्षाला पाच दिवस द्या, आणि माणूस कोण ते कर्मचाऱ्याला ठरवू द्या. विशेष विवाह कायद्यातली नोटीस फलकावरून उतरवा. ही कामं कंपन्यांची आणि सरकारची.

आपलं काम वेगळं. मैत्रिणीने लग्न ठरल्याचं कळवलं की हार्ट टाकून थांबू नका. विचारा, “कोणतं काम माझ्याकडे?” कागदांचं, हिशेबाचं, तिच्या रुसलेल्या आईशी बोलण्याचं. तुमचं स्वतःचं लग्न असेल तर अंतरपाटाचं एक टोक मैत्रिणीच्या हातात द्या. सवाष्णी मोजणं बंद करा. आणि कोणी नोंदणी लग्नाला साक्षीदार म्हणून बोलावलं तर कारण न विचारता आधार कार्ड घेऊन जा.

श्टुटगार्टच्या नोंदणी कार्यालयात सगळा कार्यक्रम वीस मिनिटांत आटोपला. अधिकारी बाईंनी दोघांना विचारलं, दोघं ‘या’ म्हणाले, आणि नवरी सही करताना चुडा टेबलावर वाजला. मग कागद माझ्याकडे आला. मी देवनागरीत सही केली. बाहेर आल्यावर तिने काकूंना फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

परत कामावर गेले तेव्हा एचआरच्या त्या मुलीने फोटो बघायला मागितले. बराच वेळ बघत होती. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली, “माझी एक मैत्रीण आहे. पुढच्या महिन्यात कोर्टात करतेय. त्यांना तिसरा साक्षीदार मिळत नाहीये.” थोडं थांबून: “रजा कशात टाकू?”

मी म्हटलं, रकाना नसेल तर शेऱ्यात लिही. ‘मैत्रीण.’ आणि बहीण लिहू नकोस.